पाहुणा आणि गिऱ्हाईक

जूनच्या अंकात पंक्तीतील आग्रहाविषयी लिहिताना, 'खरा पाहुणचार कधी विकत मिळत नाही,' असे एक वाक्य आम्ही मोठ्या डौलाने लिहून गेलो होतो. तो अंक वाचकांच्या हाती पडला त्या सुमारास आम्ही स्वतः स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एका गावाजवळ, रोजचे भाडे मोजून, विकतचाच पाहुणचार घेत होतो. आणि चौथ्या दिवशी तेथून निघालो तेव्हा आमचे वाक्य खोटे ठरले होते. शाळेत फळ्यावर आमच्या हातून काही चुकीचे लिहिले गेले, तर ते मुलांच्या देखत पुसावे अशी आमची रीत असे. तीच रीत येथे पाळावयाची आहे.

आमचा पुतण्या एडिंबरोस अभियंता आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या मे महिन्यात आम्ही उभयतां तिकडे गेलो होतो. त्याच्या मातुःश्री, म्हणजे आमच्या वहिनी, गुहागरास असतात. त्यांचा विषय पुढे यावयाचा आहे. एडिंबरोचा किल्ला, राजवाडा, ग्रंथालये हे सर्व यथासांग पाहून झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आता चार दिवस उत्तरेला चला. एक घरगुती इन आहे. जेवण उत्तम असते, आणि मला गॉल्फ खेळता येईल." इन म्हणजे आपल्याकडील जुनी पांथशाळा, असे आम्ही मनाशी भाषांतर केले. गॉल्फविषयी आमचे मत मुळीच चांगले नव्हते. भरल्या पोटाच्या लोकांनी रिकाम्या वेळात लहानशा चेंडूमागे मैलोगणती फिरावे, आणि सामानाची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावी, एवढीच त्या खेळाची आमची कल्पना होती. तथापि पुतण्याचे मन मोडवेना.

एडिंबरोहून इन्व्हर्नेसपर्यंत आगगाडीने साडेतीन तास लागतात. वाटेत ड्रमॉक्टरच्या खिंडीत गाडी ४५२ मीटर उंचीवर चढते, तेव्हा दोहों बाजूंस उघडेबोडके डोंगर आणि मध्येच हरणांचा कळप, असा देखावा दिसतो. इन्व्हर्नेसपासून पुढे मोटारीने सुमारे ७० किलोमीटरांवर डॉर्नॉक हे हजार-बाराशे वस्तीचे गाव आहे. पूर्वी तेथे आगगाडीचा एक लहान फाटा जात असे. तो १९०२ साली सुरू होऊन १९६० साली बंद पडला. गावात तेराव्या शतकातले, तांबूस दगडाचे एक प्रार्थनामंदिर, एक चौक, आणि त्यापलीकडे समुद्राला लागून मैलभर पसरलेले गॉल्फचे मैदान. आमची इन गावाबाहेर थोड्या अंतरावर होती. दुमजली दगडी घर, आठ खोल्या, मागे परसू आणि पुढे गुलाबाचा एक वेल.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि ऊन मात्र भिंतीवर होते. हे गाव ५८ अक्षांशांच्या आसपास असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस तेथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, आणि त्यानंतरही रात्र अशी पुरती पडतच नाही. सायंसंध्या केव्हा करावी या विवंचनेत आम्ही असताना सौभाग्यवतींना विवंचना होती ती जेवणाची. स्वयंपाकघर साडेआठास बंद होते, असे दारावरच लिहिले होते. घरधनीण बाहेर आली, तिने आमची नावे वहीत लिहून घेतली, आणि बसण्यापूर्वीच विचारले, "आपण काय खात नाही, ते मला सांगा." काय खाता, असे तिने विचारले नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, असे पुतण्याने सांगितले, तेही तिने त्याच वहीत लिहिले. पंधरा मिनिटांत वाटाणे, जव आणि गाजर यांचे कढत सार, ओटच्या जाड भाकऱ्या आणि लोणी आमच्यापुढे आले. "हे आम्ही घरच्यांसाठी ठेवले होते," इतकेच ती म्हणाली.

मनूने तिसऱ्या अध्यायात संध्याकाळी आलेल्या अतिथीस 'सूर्योढ' असे म्हटले आहे. मावळत्या सूर्याने ज्याला आपल्या दाराशी आणून सोडले, तो. असा अतिथी गृहस्थाने कदापि परत लावू नये, असे तेथे सांगितले आहे. हा शब्द आम्ही तीस वर्षे मुलांस शिकविला. परंतु तो आम्हांला स्वतःला लागू पडण्याचा प्रसंग डॉर्नॉकच्या त्या न मावळणाऱ्या उन्हात प्रथमच आला.

हे घर तिसऱ्या पिढीच्या हाती होते. मुलगा स्वयंपाक करी. सून खोल्या, हिशेब आणि पाहुणे सांभाळी. म्हातारी आई पहाटे उठून न्याहारीची तयारी करी. आणि बारा वर्षांची नात शाळेस जाण्यापूर्वी भाजलेल्या पावाचे ताट टेबलावर आणून ठेवी. नोकर म्हणून एकच बाई गावातून येत असे. सकाळी म्हातारीच्या हातचा ओटचा लापशीवजा पदार्थ मिळे. ओट, पाणी आणि मीठ याखेरीज त्यात काही नाही. एका गोल लाकडी दांडीने तो सतत ढवळावयाचा असतो. आमच्या कोकणातल्या सकाळच्या पेजेचीच ही दुसरी बहीण होय. डॉक्टर जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशात, हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात व स्कॉटलंडात माणसे खातात, अशी थट्टा केली आहे. ज्यांच्या ताटातल्या नाचणीला वरच्या मुलखातले लोक हसले, त्या आम्हां कोकणस्थांस त्या थट्टेचा राग यावा हे स्वाभाविक आहे.

दुसऱ्या रात्री घरधन्याने आमच्यासाठी तेथला राष्ट्रीय पदार्थ केला. त्याचे नाव हॅगिस. मूळचा तो मेंढीच्या आतड्याकाळजाचा असतो. परंतु १९८४ पासून त्याचा एक शाकाहारी प्रकार त्या देशात विकावयास येऊ लागला. त्यात ओट, कडधान्ये, गाजर, बिया आणि पुष्कळ मिरपूड असते. सोबत घोटलेला बटाटा व पिवळा सलगम. सौभाग्यवतींनी एक घास घेऊन थोडा वेळ विचार केला आणि, "फोडणी असती तर हे भाजणीच्या उपम्यापर्यंत आले असते," असा निकाल दिला. शेवटी आलेल्या ऱ्हुबार्बच्या गोड पदार्थाला मात्र त्यांनी काही उणे काढले नाही. ऱ्हुबार्ब म्हणजे लालसर देठांची एक भाजी. चव अंबाडीसारखी आंबट. ती साखरेत शिजवून वर लोणी-पिठाचा खरपूस चुरा घालतात. भाजीचे पक्वान्न करणाऱ्या लोकांविषयी आमचा आदर वाढला.

आता गॉल्फविषयी. पहिल्या सकाळी पुतण्याबरोबर आम्ही मैदानाच्या कडेकडेने चालत गेलो. ज्याला तेथे 'लिंक्स' म्हणतात ती जमीन म्हणजे समुद्र आणि शेते यांमधला वाळूचा पट्टा. नांगराला ती निरुपयोगी. मेंढ्यांना आणि सशांना पुरेशी. बारीक, चिवट गवत आणि वाऱ्याने घडविलेले उंचवटे तेथे निसर्गतःच असतात. जी जमीन कोणाच्याच उपयोगाची नाही, तिच्यावर सर्वांनी खेळावे, असा या खेळाचा जन्म आहे. तो धनिकांच्या बागेत जन्मला असावा हा आमचा समज तेथेच ढासळला. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजसभेने गॉल्फ व फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती. कारण लोक त्यांपायी धनुर्विद्येचा सराव सोडू लागले होते. पुढे चौथा जेम्स राजा स्वतःच १५०२ साली गॉल्फचे दांडे विकत घेता झाला, तेव्हा बंदीचे काय झाले असेल ते सांगावयास नको. डॉर्नॉकचा पुरावा तर आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. १६१६ साली तेथे शिकत असलेल्या सदरलंडच्या बाल उमरावाच्या खर्चाच्या हिशेबात धनुष्यबाणांबरोबर गॉल्फचे दांडे आणि चेंडू यांची रक्कम मांडलेली सापडते. शाळकरी मुलाच्या खेळण्याचा खर्च चारशे वर्षे टिकून राहावा आणि गावाने त्याचा अभिमान वाहावा, हे किती चांगले! याच गावी १८७२ साली जन्मलेला डोनाल्ड रॉस नावाचा सुतार पुढे अमेरिकेस गेला, आणि शेकडो मैदाने आखून त्या विद्येचा आचार्य म्हणून गाजला. आपल्याकडेही हा खेळ जुना आहे; ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गॉल्फ क्लब कलकत्त्याचा असून तो १८२९ साली स्थापन झाला.

मैदानाच्या कडेला काटेरी झुडुपांचे रान पिवळ्याधमक फुलांनी पेटल्यासारखे दिसत होते. त्याला गॉर्स म्हणतात. वाऱ्याची एक झुळूक आली आणि सौभाग्यवती एकदम थांबल्या. "येथे कोणी नारळ खवते आहे काय?" असे त्यांनी विचारले. गॉर्सच्या फुलाला खरोखरच ओल्या खोबऱ्याचा वास येतो. आमच्या गुहागरच्या परसातल्या पाट्यावरचे वाटण आम्हां तिघांच्याही नाकापुढे उभे राहिले असावे. कारण बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

खेळाचे मर्म आम्हांस इनच्या मागच्या हिरवळीवर कळले. घरधन्याने तेथे सहा लहान खळगे करून ठेवले होते. गोट्या खेळताना आपण जिला गल म्हणतो, तीच ही. मात्र खऱ्या मैदानावर तिचा व्यास सव्वाचार इंचांचा ठरलेला असतो. संध्याकाळी शाळेतून आलेली नात आमच्याबरोबर खेळावयास आली. विटीदांडूवर वाढलेल्या आमच्या हातांस तो दांडा काही केल्या वश होईना. चौथ्या खळग्याशी त्या मुलीचा फटका फसला. चेंडू चार बोटे सरकून थांबला. आम्ही त्या वेळी चष्मा पुसत होतो. दुसरे कोणी जवळ नव्हते. खेळ संपल्यावर तिने आपला आकडा सांगितला, तो आमच्या गणतीपेक्षा एकाने अधिक होता. आम्ही तो दुरुस्त करू लागलो, तेव्हा तिने शांतपणे त्या फसलेल्या फटक्याची आठवण दिली. पुतण्याने मागून समजावले की, या खेळात सामान्यतः पंच नसतोच. ज्याने त्याने आपले फटके स्वतः मोजावयाचे असतात. तीस वर्षे परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फेऱ्या घालण्यात ज्यांचे जोडे झिजले, त्या आम्हांस हे पाहून काय वाटले असेल याची कल्पना शिक्षक वाचकांस येईल. कच्च्या खेळाडूस काही फटक्यांची सवलत देऊन पक्क्याच्या बरोबरीने खेळवावयाचे, अशीही तेथे सोय आहे. आमच्या वर्गात ती असती तर किती मुलांचे भले झाले असते!

आपला फसलेला फटका आपणच मोजावा, हा धडा त्या रात्री आमच्या उशाशी येऊन बसला. आता वहिनींची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचे वडील बंधू २००९ साली निवर्तले. पुतण्या तेव्हा शाळेत होता. मागे गुहागरचे घर, थोडी नारळी-पोफळी, आणि फारशी शिल्लक नाही, अशी स्थिती होती. वर्षभराने वहिनींनी फाटकावर पाटी लावली: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय.' समुद्रावर येणारे पुण्या-मुंबईचे लोक ओसरीवरच्या दोन खोल्यांत उतरू लागले. हे कळताच आम्ही त्यांना एक चार पानी पत्र लिहिले. शिजविलेले अन्न ब्राह्मणाने विकू नये असा मनूच्या दहाव्या अध्यायातला निषेध त्यात होता. वनपर्वात कलियुगाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अन्नविक्रयाचे नाव येते, तेही होते. 'कोण कोठला, हे न विचारता आपण एकाच पंगतीस पाने मांडता, असे कानी आले,' असेही एक वाक्य होते. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले: 'भावजींस सा. न. पत्र पोहोचले. आज सहा माणसे जेवावयास आहेत, सवडीने लिहीन.' ती सवड त्यांना पुढे मिळाली नाही, आणि आम्हीही गुहागरास गेलो नाही. पुतण्याच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा खर्च त्या पंगतींतून निघाला. आम्ही शास्त्र पाठविले. पैसे पाठविले नाहीत.

शास्त्र तरी आम्ही पुरते पाठविले होते काय? ज्या तिसऱ्या अध्यायात 'सूर्योढ' हा सुंदर शब्द आहे, त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की, ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी म्हणवत नाही, आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना चाकरांबरोबर जेवू घालावे. आमच्या लहानपणी गुहागरच्या घरी असेच चाले. कोणी माजघरात, कोणी ओसरीवर, कोणी अंगणात. अन्न फुकट होते, यात शंका नाही. परंतु पान कोठे मांडावयाचे हे पाहुण्याचे नाव कळल्याशिवाय ठरत नसे. आणि अन्नविक्रयच म्हणाल, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शिजविलेला भात विकणाऱ्याला 'औदनिक' असे नाव असून नगराच्या नियमांत त्याला रीतसर स्थान आहे. हे सर्व आम्ही तेव्हाही वाचलेले होते. पत्रात मात्र सोयीचे तेवढेच उतरले.

पुतण्याशी बोलताना कळले की, ब्रिटनच्या १९५६ च्या एका कायद्यात हॉटेलाची व्याख्याच अशी आहे: वाजवी दाम देण्यास जो समर्थ व सिद्ध दिसतो, आणि ज्याची स्थिती ठेवून घेण्याजोगी आहे, अशा कोणत्याही प्रवाशास जेथे अन्न आणि निवारा देऊ केलेला असतो, ते हॉटेल. तत्त्व त्याहून जुने आहे. १९४३ साली वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन यांना लंडनच्या एका हॉटेलाने त्यांच्या वर्णामुळे ठेवून घेतले नाही. ते न्यायालयात गेले आणि १९४४ साली जिंकले. नुकसानभरपाई पाच गिनींचीच मिळाली, परंतु नियम पक्का झाला. आपल्याकडे १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना गावात उतरावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या वेळी बडोद्यात अतिथिधर्म पाळणारी घरे किती असतील! तेव्हा दाम घेतल्याने दार आपोआप उघडते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जो दाम घेऊन दार उघडतो, त्याला 'या माणसाला का लावून दिलेस?' असे विचारता येते. आमच्या ओसरीला असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींना ताप भरला. समुद्रावरचा वारा बाधला असावा. त्यांचे इंग्रजी बेताचे, आणि म्हातारीचे बोलणे तर पुतण्यालाही पुरते उमगत नसे. तरीही म्हातारी वर आली, कपाळाला हात लावून पाहिला, आणि खाली जाऊन आले, लिंबू व मध घातलेले कढत पाणी घेऊन आली. रात्री पुन्हा आली. पहाटे पेज पातळ करून, गाळून, वाटीतून आणली. दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलत होत्या. एक मराठीत नको म्हणे, दुसरी आपल्या बोलीत घे म्हणे. जूनच्या अंकात ज्या आग्रहाचे आम्ही गोडवे गाइले होते, तो हाच होता.

निघण्याच्या दिवशी बिल आले. तीन रात्रींचे भाडे, जेवणे, जादा चहाचे दोन वेळचे पैसे, कपडे धुण्याचे पैसे, सर्व ओळींत नीट मांडले होते. तापाच्या दिवसाचे काही नव्हते. राहून गेले असेल म्हणून आम्ही सुनेच्या नजरेस आणून दिले. तिने वही पाहिली, आणि म्हणाली, "ते सासूबाईंनी केले. त्याची नोंद आम्ही ठेवीत नाही." म्हणजे चहाचा हिशेब ठेवणारे घर याचा हिशेब ठेवीत नव्हते, आणि चहाचा हिशेब चोख होता म्हणूनच आम्ही चार दिवस संकोचावाचून चहा मागू शकलो होतो. फुकटच्या पाहुणचारात दुसरा पेला मागण्यापूर्वी आमच्यासारखा माणूस दहादा विचार करतो.

मोटारीत बसल्यावर पुतण्या म्हणाला, "आईच्या वहीतही असेच असते. आजारी पडलेल्याचे पान ती कोरे सोडते." याहून अधिक तो काही बोलला नाही, आणि आम्हांला येथे आणण्यात त्याचा काही हेतू होता काय, हे आम्ही विचारले नाही.

परत आल्यावर आम्ही वहिनींना पत्र लिहिले. या वेळी एकच पान. पूर्वीच्या पत्रातले शास्त्र अर्धे होते आणि त्यातला शब्द पुरा कठोर होता. त्याबद्दल क्षमा असावी. दिवाळीनंतर उभयतांस तीन दिवस यावयाचे आहे, खोली मिळेल काय, आणि दर काय आहे, ते कळवावे. उत्तर आठवड्याने आले: 'भावजींस सा. न. बारा ते पंधरा तारखेस खोली रिकामी आहे. दर माणशी सर्वांस सारखाच. जेवणात कांदा-लसूण चालत नाही, हे माझ्या लक्षात आहे. आगाऊ रक्कम पाठवू नये.'

आम्ही जाऊन आलो. पंधरा वर्षांत वहिनींचे केस पांढरे झाले आहेत. पंगतीत आमच्या उजवीकडे साताऱ्याकडचे एक मोटारचालक होते, डावीकडे मुंबईच्या एका इस्पितळातल्या परिचारिका. उकडीचे मोदक एका वेळी सर्वांच्या पानांत पडले. आमच्या पानात आधी वाढावे असे वहिनींना वाटले नाही, आणि आम्हांलाही वाटले नाही.

निघताना बिल मागितले. ते त्यांनी मांडून दिले. एक पैसाही सोडला नाही. आम्ही पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी ते मोजून पेटीत ठेवले, आणि आमच्याकडे न पाहताच विचारले, "भावजी, पावती देऊ?"

"द्या," आम्ही म्हणालो. ती पावती आम्ही जपून ठेवली आहे.